धाकटी कुठे दिली?

सोमवार, ४ मार्च

माझं लग्न झालं म्हणे! वीस वर्षं झाली. मला आज कळलं, कचेरीत.

बाबांच्या पश्चात शेताला माझं नाव लावायला गेले होते. कारकुनाने जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, बोट ठेवून वाचलं — "शेत मुलाचे नावे. धाकटी मुलगी दिली, सबब तिचा हिस्सा नाही."

"दिली? कुठे दिली?"

"ते लिहिलेलं नाही," अगदी गंभीरपणे म्हणाला.

सत्तेचाळीस वर्षांची मी. सारा जन्म बाबांच्याच घरात, रस्त्याकडच्या खोलीत, शिलाई मशीनपाशी. या कारकुनाच्या अंगातली पँटसुद्धा माझ्या हातची! तरी म्हणतो, "लग्न झालं नसल्याचा पुरावा आणा." झालेल्या लग्नाचा फोटो असतो. न झालेल्याचा कुठून आणू?

घरी येईपर्यंत एकटीच हसत होते. मग मशीनवर बसले आणि एक बाही उलटी जोडली.

मंगळवार, ५ मार्च

बाही उसवली.

शुक्रवार, ८ मार्च

आज काजं करता करता डोक्यात प्रकाश पडला. अगं वेडे, तू कुठली धाकटी? भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. बहीण दुसरी नाहीच. आमच्याकडे धाकटी एकच — विहिरीपलीकडचं शेत!

मोठ्या तुकड्याला बाबा थोरली म्हणायचे, लहान तुकड्याला धाकटी. "थोरली तणाने भरलीय, धाकटीला पाणी सोडून येतो" — परका माणूस ऐकून चक्रावायचा.

वीस वर्षांपूर्वी ते कचेरीतून आले ते मला लख्ख आठवतंय. चपला काढता काढता म्हणाले, "सांगून आलो. धाकटी मुलीला दिली." म्हणजे मला! लिहिणाऱ्याने एक 'ला' खाल्ला आणि माझं लग्न लावून मोकळा झाला. निदान जेवायला तरी बोलवायचं!

शनिवार, ९ मार्च

धाकटीतला कांदा आज काढून संपला. रान मोकळं. पाठ मोडली.

मंगळवार, १२ मार्च

कचेरीतल्या मोठ्या बाईंना भेटले. ऐकून घेतलं त्यांनी, पण गावाची साक्ष चालणार नाही म्हणाल्या. दुसऱ्या हिस्सेदाराने, म्हणजे भावाने, सांगायला हवं. पुढच्या मंगळवारी बोलावलंय.

जेवताना विषय काढला. भावाची मान ताटातून वर येईना. "मला काय माहीत, ताई. मी लहान होतो."

"बावीस वर्षांचा घोडा होतास!"

भावजय म्हणाली, "वन्सं, तुम्हाला एकटीला शेत कशाला हवंय? खोली आहे, मशीन आहे." तिच्या भावाला धाकटीत कोंबड्यांची शेड घालायचीय. बोलणं झालंसुद्धा!

कशाला हवंय? दहा वर्षं तिथला कांदा मी लावते, म्हणून. आणि खोली भावाच्या नावावर आहे. उद्या कोणी म्हटलं, खोली रिकामी करा, तर मी मशीन डोक्यावर घेऊन कुठे जाऊ? भीती वाटते. एवढ्या वयात पायाखाली आपली म्हणून वीतभर जागा हवी मला. कागदावर हवी.

लिहून टाकलं. बरं वाटलं.

सोमवार, १८ मार्च

स्वयंपाकघरातून ऐकू आलं. भावजय नवऱ्याला शिकवत होती, "वन्संना लाडाने धाकटी म्हणायचे, एवढंच सांगायचं. पुढे तोंड उघडायचं नाही." तो "हं" म्हणाला. तीनदा.

मंगळवार, १९ मार्च

काय दिवस!

मोठ्या बाईंनी भावाला विचारलं, "धाकटी म्हणजे कोण?" भावजयीने कोपराने ढोसलं. हा घड्याळाकडे बघतोय, चुळबुळ करतोय. आणि म्हणाला काय — "बाई, जरा लवकर आटपाल का? धाकटीला पाणी सोडून आलोय. वाफे फुटतील."

कारकुनाचं पेन थांबलं. मग बाई हसायला लागल्या, चष्मा काढून डोळे पुसले. कारकुनाला म्हणाल्या, "लिहा. पाणी सोडतात, वाफे आहेत. म्हणजे शेत आहे."

परत येताना भावजय वाटभर त्याच्यावर तोंड टाकत होती — "शंख आहात नुसते, शंख!" तो मान खाली घालून चालला होता. मला हसू दाबता येईना. बावळट तो बावळटच! लहानपणी लपाछपीत स्वतःच "इथे नाहीये मी" म्हणून ओरडायचा.

बुधवार, २० मार्च

कागद मिळाला. "धाकटी मुलीला दिली." तो 'ला' पुन्हा पुन्हा वाचला. कारकून म्हणाला, "अभिनंदन, तुमचं लग्न मोडलं." त्याची पुढची पँट फुकट!

गुरुवार, २१ मार्च

सकाळी पहिल्यांदा माझ्या शेतात गेले. ढेकळं कोरडी ठणठणीत. पाण्याचा टिपूस नाही. आणि असेल कशाला? कांदा निघून बारा दिवस झाले. मोकळ्या रानाला पाणी कोण सोडतं?

भाऊ विहिरीपाशी उभा होता. "अरे, मग परवा पाणी कुठे सोडलं होतंस?" मी ओरडलेच.

"हळू, ताई," तो म्हणाला. "घरात मी शंखच बरा."