दोन ठोके, तीन ठोके

२ मे १९१९, कामा नदीवरची गोदी
पोचलो एकदाचा. 'इव्होल्गा' आगबोटीला बघून हसूच आलं. लहानपणी हिच्याच दिवाणखान्यात आईनं आम्हा दोघा भावांना चहा पाजला होता. आता लढाईसाठी तिथं तोफ बसवताहेत. थोरला फोकादादा कोबी भरलेला पाव घेऊन धक्क्यावर उभा होता. बॉयलर ठोकून ठोकून तो ठार बहिरा झालाय. मुकादम येर्मिल म्हणाला, नशीबवान आहे, जाखार, तुझी बडबड ऐकावी लागणार नाही त्याला.

४ मे
काम जमतंय. बॉयलरभोवती दुहेरी पत्र्याची भिंत उभी करतोय. मधल्या अरुंद पोकळीत दादा आणि त्याचा मदतनीस सिसोय बसतात. दादा आतून रिव्हेट दाबून धरतो आणि दोन ठोके देतो, म्हणजे 'तयार'. मग मी बाहेरून घण घालतो. काम संपलं की मी तीन ठोके देतो, म्हणजे 'बाहेर ये'. बहिऱ्याला हाक मारून काय उपयोग? तो पत्र्यावर तळवा टेकवून ओळखतो.

७ मे
निघायचा हुकूम आला. मी घाईघाईनं तीन ठोके दिले. नेमकी तेव्हाच वर तोफेची चाचणी चालली होती, सगळी बोट थरथरत होती. सिसोय आधीच गेला असं धरून चाललो होतो. काजळीनं माखलेला एक जण बाहेर पडला, तो दादाच समजून मी शेवटचा पत्रा बोल्टांनी आवळला.

जेवायला दादा आला नाही. सिसोय आला.

७ मे, दुपार
बॉयलर पेटवलाय. आतून दोन ठोके. बिचारा माझ्या घणाची वाट बघतोय. कमांडरच्या पाया पडलो. तो म्हणतो, पळाला असेल, असे पुष्कळ पळतात. माझा पाना काढून घेतला, पत्र्यापाशी पहारा बसवला.

१० मे
दोन ठोके. तीन दिवस झाले. त्या भट्टीत माणूस तासभरही टिकत नाही, मला कळतं ते. पहारेकरी म्हणतो नळ्या वाजतात, आणि छातीवर क्रुसाची खूण करतो. आईला काय लिहू? मी कोंडलं त्याला. मी.

१२ मे
गोळा लागला. बॉयलर विझला, पाणी आत येतंय. सगळे होड्यांत उतरले. पाना सापडला. दोन बोल्ट निघाले —

आता आतून तीन ठोके. पुन्हा तीन.

मला सांगतोय, बाहेर जा. येर्मिलही होडीतून हाका मारतोय. चार बोल्ट राहिले. पाणी कमरेला —

नाही रे दादा. मी उलट दोन ठोके दिले. तया