‘उतावीळ’ अक्षराची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, व्यवसाय अक्षरे काढणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुलाच्या हट्टापायी घ्यावा लागला. दाखला बघून त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. राहते घर, वरच्या कामाच्या खोलीसह, मुलाला. जिन्यातला दिवा त्याने कधी दुरुस्त करून दिला नाही. मी चाचपडत चढले, आता त्याने चढावं.

कलम २. बँकेत जे असेल ते मुलाला.

कलम ३. माझे भिंग थोरल्या दिरांना. लग्न होऊन आठवडा झाला नव्हता, तेव्हा मी रंगवलेली पाटी बघून ते म्हणाले होते, "बाईमाणसाचं अक्षर कसं नाजूक हवं." त्याच दिवशी दुकानातला सगळ्यात रुंद ब्रश मी विकत आणला. भावजी आता नव्वदीचे झाले, नजर अधू झाली. भिंग घेऊन खिडकीशी बसावं. समोरच्या इमारतीवर तीन माणसं उंच जाहिरात लावलीय, ती माझ्या अक्षरात आहे. भिंग लागणार नाही म्हणा, पण असू द्यावं.

कलम ४. आता ज्याच्यावर डोळा ठेवून सगळे बसलेत ते. ‘उतावीळ’ हे मी काढलेले ठळक तिरपे अक्षर, हल्ली ज्याला फॉन्ट म्हणतात ते. माझी उमेदीची वर्षं त्यात गेली. सर्कशीची पोस्टरं, सेलचे फलक, बसच्या कडा, असल्या ठिकाणी चालत्या माणसाला एका नजरेत वाचता यावं म्हणून ते केलं. बारीक मजकुरात वापरू नये. एका छापखानेवाल्याने ते शोकसभेच्या पत्रकाला लावलं, तर मयत उठून पळत सुटलंय असं वाटायला लागलं. त्या माणसाला माझ्या मयताला फिरकू देऊ नये.

आमचे चिरंजीव म्हणायचे, "आई, सरळ अक्षर कॉम्प्युटरवर ढकललं की झालं तिरपं. एका क्लिकचं काम गं." आणि मी दवाखान्यात असताना खरंच तसं करून त्याने ते माझ्या नावावर बाजारात आणलं. गोलाया एका अंगाला सुजल्या, दांडे मरतुकडे झाले, अक्षरांची पोटं बुजली. ठळक अक्षराच्या पोटात उजेड नसला की लांबून नुसता डाग दिसतो. लोक मला विचारायला लागले, "बाई, तब्येत बरी आहे ना?" लाजेने मेले मी. शेवटी सुनेने माझ्याशेजारी बसून एकेक अक्षर हाताने नव्याने काढलं. हे चुकलंय, असं ती चारचौघांत बोलली, एवढ्यावरून त्याने तिला घराबाहेर काढलं. ती आता त्याची बायको नाही. माझी सून आहे.

आता म्हणे त्याने एका कुकरच्या कंपनीला शब्द दिलाय, की म्हातारी गेली की ‘उतावीळ’ फक्त त्यांचं. म्हणजे इतर कुणी ते वापरायचं नाही. माझ्याबरोबर माझं अक्षरही पुरायला निघालाय पठ्ठ्या! तरीही ‘उतावीळ’चे सर्व हक्क, मूळ चित्रे व फायली मी मुलालाच देत आहे. पोटचा गोळा आहे, काय करणार.

कलम ५. माझे सर्व ब्रश सुनेला. एवढंच का, म्हणून तिने खट्टू होऊ नये. शेवटपर्यंत वाचावं. ती वाचते.

कलम ६. आमच्याकडचा कायदा असा, की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्यातले काहीही मिळत नाही. दुसरा साक्षीदार म्हणून मी मुलालाच बोलावले आहे. आम्ही अक्षरंवाले पान आधी उलटं धरून बघतो. उलट्या पानावर शब्द लागत नाहीत, त्यामुळे नुसते आकार आणि मधल्या मोकळ्या जागा दिसतात. ही सवय त्याला मीच लावली. मग पान सुलटं करून वाचायचं, हेही शिकवलं होतं. ते तो करत नाही. आज पूर्ण कागद त्याच्या हातात देईन, चहा देईन, घाई अजिबात करणार नाही. हे कलम त्याने वाचले तर सही न करता उठून जावे. मग घर, पैसे, अक्षर सगळं त्याचं, आणि आजवर त्याला जे जे बोलले त्याची मी पाया पडून माफी मागेन. साक्षीला खालच्या शिंपीकाकांना हाक मारू. पण त्याने सही केली, तर कलम १, २ आणि ४ मधले सर्व काही सुनेचे. वाच रे बाबा, एकदा तरी वाच.

ठिकाण : वरची कामाची खोली.
दिनांक : चौदा, बुधवार, दुपार.

लिहून देणार : (सही) आई

साक्षीदार १ : (सही) वकीलबाई. पूर्ण वाचून सही केली.

साक्षीदार २ : (सही) मुलगा. समासात पेन्सिलीने त्याचा शेरा : "पान छान बसलंय. फक्त शेवटचं कलम फार दाट झालंय, जरा मोकळं करा."