आठवी चौकट

६ जानेवारी
पवित्र वर्ष सुरू झालं. पंचवीस वर्षांतून एकदा येतं. मागच्या वेळी मला कावीळ झाली होती आणि सगळं पुण्य बायको एकटी घेऊन आली. या वेळी सोडणार नाही.

चर्चमध्ये मिस्साची उपासना झाल्यावर फादरांनी प्रत्येकाला एक कार्ड दिलं. सात चर्चना पायी जायचं, प्रत्येक ठिकाणी शिक्का घ्यायचा. त्याआधी पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करायची. शेवटी कॅथेड्रलच्या पवित्र दारातून आत. एवढं केलं की पापांची शिक्षा माफ. चौकटी मात्र आठ आहेत. आठवीत 'समेट' असं छापलंय. ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्याशी जुळवून घ्यायचं, मग फादर स्वतः शिक्का मारणार.

छपाई भिकार आहे. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलीत. मी तीस वर्षं कबरींच्या दगडांवर अक्षरं कोरतो, असलं काम मेलेल्या माणसालाही देणार नाही.

संकल्प: वर्षभरात सगळ्यांना माफ करायचं. यादी केली. एकोणीस नावं झाली. बायको म्हणाली, तुमचं नाव कुणाकुणाच्या यादीत आहे तेही बघा. विसावं नाव बायकोचं घातलं.

९ जानेवारी
धाकट्या भावाचं नाव यादीत बायकोच्याही खाली नेलं. अवघड काम शेवटी करावं.

बाबांची दगडकामाची शेड आम्ही अर्धी अर्धी वाटून घेतली आहे, मधे पत्रा. अकरा वर्षं बोलणं नाही. मेन स्विच माझ्या बाजूला, पाण्याचा नळ त्याच्या. दगड कापताना पाणी सोडावं लागतं, नाहीतर धूळ उडते. म्हणून मी पत्र्यावर दोनदा ठोकतो, तो पाणी सोडतो. तो तीनदा ठोकतो, मी वीज देतो. एक शब्द न बोलता धंदा चालतो. कित्येक नवराबायकोंना हे जमत नाही.

आज पाणी चार मिनिटं उशिरा आलं. नोंद करून ठेवली.

१७ जानेवारी
माफीला सुरुवात केली. पहिला नंबर न्हाव्याचा. लग्नाच्या सकाळी त्याने माझी मिशी एका बाजूने जास्त कापली होती. सगळ्या फोटोंत मी कुठला तरी वास आल्यासारखा दिसतो. दाढी अर्धी झाल्यावर त्याला म्हटलं, जा, तुला माफ केलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं. तो म्हणाला, तुझा ओठच वाकडा आहे, मी मिशी सरळच कापली होती.

अर्धी दाढी तशीच घेऊन बाहेर पडलो. माफी परत घेतली.

३ फेब्रुवारी
पापनिवेदन. तयारी करून गेलो होतो. धाकट्याचा हट्टीपणा, बायकोची उलट उत्तरं, मेहुण्याचं खोटं बोलणं, सगळं क्रमाने सांगितलं. अर्धा तास लागला. फादरांनी जाळीमागून विचारलं, आणि तुमचं स्वतःचं? मी म्हटलं, बाहेर लाइन मोठी आहे फादर, लोकांना ताटकळत ठेवायला नको.

प्रायश्चित्त म्हणून रोज गुडघ्यांवर बसून एक रोझरीची माळ जपायला दिली, तीही धाकट्यासाठी. पाप त्याचं आणि गुडघे माझे. पण मी सोसायला तयार आहे.

८ मार्च
सात चर्चची पदयात्रा. पुढे क्रूस मी धरणार असं आधीच जाहीर केलं होतं. शाळेतल्या मोठ्या बाई आता ऐंशीच्या आहेत, तरी पुढारपण त्यांच्याकडेच. तिसरीत त्यांनी माझ्या बोटांवर पट्टी मारली होती. यादीत सहावं नाव. दुसऱ्या चर्चपाशी मी त्यांना सगळ्यांसमोर माफ केलं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, आपण कोण?

तिसऱ्या चर्चनंतर जोडा चावायला लागला. क्रूस एका कॉलेजच्या मुलीकडे दिला आणि पुढच्या चारही चर्चना बसने गेलो. पायी म्हणजे पायांनी. बसमध्येही मी उभाच होतो.

सातही शिक्के मिळाले. राहिली एक चौकट.

२२ मार्च
धाकटा पत्र्यापलीकडे सारखा खोकतो. मी बारीक अक्षरांचं काम हातात घेतलं की हमखास. हे मुद्दाम आहे.

११ एप्रिल
फादर शेडवर आले. आधी त्याच्याकडे पाऊण तास बसले, मग माझ्याकडे दहा मिनिटं. म्हणाले, कबरस्तानात गेलो होतो, तुमच्या वडिलांचा दगड बघितला.

मला वाटलं अक्षरांचं कौतुक करतील. दगड खरंच सुरेख उतरला आहे. त्यांनी विचारलं, खाली मुलाचं नाव एकच कसं? मी समजावून सांगितलं. दगड लहान होता. अक्षरं मोठी घेतली. माझं नाव आधी येणार, कारण मी थोरला. त्यानंतर जागा संपली. ही टेक्निकल अडचण आहे, पण धाकट्याने ती मनाला लावून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी मधे पत्रा ठोकला.

फादर म्हणाले, नावाखाली वीतभर वेलबुट्टी आहे. मी म्हटलं, ती डिझाइनचा भाग आहे. ते उठून गेले. फादर लोकांना कलेतलं कळत नाही.

१९ मे
पत्र्यावरून चिठ्ठी आली. अकरा वर्षांतली पहिली. मजकूर: पंखा फिरव.

माझ्याकडे धूळ ओढणारा पंखा आहे. तो धूळ ओढतो आणि वरच्या फटीतून पलीकडे त्याच्या बाजूला टाकतो. त्याचं तोंड दुसरीकडे वळव, असं त्याचं म्हणणं. धूळ कुठेतरी जाणारच. पण मोठ्या भावाला लिहायची ही रीत झाली? वर 'दादा' नाही, खाली नाव नाही, कृपया तर नाहीच. त्याच चिठ्ठीच्या मागे या तिन्ही चुका लिहून परत टाकली.

२३ मे
दुसरी चिठ्ठी आली. मजकूर: दादा, कृपया पंखा फिरव. तुझा भाऊ.

भाषेत सुधारणा आहे. बायकोला दाखवली. म्हटलं, बघ, पवित्र वर्षाचा परिणाम. चिठ्ठी जपून बायबलात ठेवली. बायकोने विचारलं, मग फिरवला का पंखा? आता इतक्यात फिरवला तर तो म्हणेल, एका चिठ्ठीत दादाला नमवलं. थोडे दिवस जाऊ देत.

३० जून
सहा महिने झाले. यादीचा आढावा. माफ केले: अकरा. त्यांतले परत घेतले: नऊ. उरलेल्या दोघांपैकी एक वारला आहे. दुसरी बायको. तिला अजून सांगितलेलं नाही.

१४ ऑगस्ट
फादरांना विचारलं, समेटासाठी दोघांनी हजर असणं गरजेचं आहे का. हो म्हणाले.

शिक्क्याचं डिझाइन साधं आहे. गोल, आत क्रूस, भोवती आमच्या चर्चचं नाव. मला कोरायला वीस मिनिटं पुरतील. विचार सोडून दिला, कारण तसं करणं पाप आहे. शिवाय घरात रबर नव्हतं.

२ ऑक्टोबर
खोकला वाढवलाय त्याने. मीही माझ्या बाजूने रेडिओ वाढवला.

६ नोव्हेंबर
बायको हल्ली दुपारी डबा घेऊन कुठेतरी जाते. विचारलं तर म्हणते, आजाऱ्याची सेवा. पवित्र वर्षात तेही पुण्यात धरतात. आजारी कोण ते मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या पुण्यात नाक खुपसू नये.

३ डिसेंबर
दार २८ तारखेला बंद होणार. आता टाळून चालणार नाही. धाकट्यासाठी माफीचं भाषण लिहिलं. पहिला खर्डा चार पानं. त्यातल्या शिव्या काढल्या तर दीड पान उरलं. आरशासमोर दोनदा प्रॅक्टिस केली. दुसऱ्या वेळी माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

७ डिसेंबर
गेलो. पत्र्याला वळसा घालून पुढच्या दाराने. पंधरा पावलं आहेत. अकरा वर्षांत चाललो नव्हतो.

धाकटा स्टुलावर बसला होता. फार वाळलाय. त्याच्याकडच्या सगळ्या गोष्टी पांढऱ्या पडल्या आहेत. हातोडी, कॅलेंडर, त्याच्या भुवया. मला वाटलं, हा झाडतच नाही की काय. दीड पान वाचून दाखवलं. तो नुसता धापा टाकत होता. शेवटच्या ओळीला मी हात पुढे केला, भाषणात तसं लिहिलं होतं.

तो म्हणाला, "दादा, कशाबद्दल माफ केलंस मला?"

मी कागद उलटून बघितला. मागे काही नव्हतं. म्हटलं, सगळ्याबद्दल.

"त्यातलं एक सांग."

नळाचं सांगावं असं मनात आलं. चार मिनिटं उशिरा पाणी. त्या पांढऱ्या भुवयांसमोर ते तोंडातून निघेना. तो वाट बघत होता. अगदी शांतपणे, खरंच ऐकायचं असल्यासारखा. मी म्हटलं, आठवून सांगतो, आणि परत आलो.

८ डिसेंबर
दिवसभर आठवलं. काम केलं नाही.

त्याने मला कधी शिवी दिली नाही. बाबांना दोन वर्षं त्यानेच सांभाळलं, मी रविवारी मिस्सानंतर जायचो आणि लवकर निघायचो. शेवटच्या दिवशी आम्ही दोघंही पलंगापाशी होतो. मी बाबांच्या जास्त जवळ होतो. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि धाकट्याला हाक मारली.

एवढंच झालं होतं. यात त्याने काय केलं ते मला सांगता येत नाही. पण मला फार लागलं होतं. मी दगड कोरायला बसलो तेव्हा जागा भरपूर होती. वेलबुट्टी मी नंतर काढली, जागा भरून काढायला.

हे पान फाडावं असं वाटतंय. वही दोऱ्याने शिवलेली आहे, मागची पानंही सुटतील.

१५ डिसेंबर
सकाळी पत्र्यावर दोनदा ठोकलं. पाणी आलं नाही. पुन्हा ठोकलं. अर्ध्या तासाने तक्रार करायला वळसा घालून गेलो, तर कुलूप.

घरी येऊन बायकोला म्हटलं, याने धंदा बंद केला की काय? ती डबा भरत होती. वर न बघता म्हणाली, "सहा आठवडे मी त्याला डॉक्टरकडे नेतेय. काल ॲडमिट केला. छातीत दगडाची धूळ बसलीय, निघत नाही म्हणतात. तुम्हाला सांगणार होते, पण तुम्हाला लोकांना माफ करण्यातून वेळ नव्हता."

मी विचारलं, धूळ कुठची? तिने डब्याचं झाकण लावलं आणि गेली.

१६ डिसेंबर
पंखा काढला. चार स्क्रू होते. दहा मिनिटांचंही काम नव्हतं.

२१ डिसेंबर
हॉस्पिटलला जायचं होतं. गिऱ्हाईक आलं.

२३ डिसेंबर
गेटपर्यंत गेलो. भेटायची वेळ चार ते सहा. मी पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. उशिरा जाणं बरं दिसत नाही, म्हणून परत फिरलो.

२८ डिसेंबर
पवित्र दाराचा शेवटचा दिवस. तीन वाजल्यापासून रांगेत होतो. मोठ्या बाई दारात उभ्या राहून सगळ्यांची कार्डं बघत होत्या. माझं बघून म्हणाल्या, एक राहिलीय, पण या आत, देव काही मोजत बसत नाही. माझ्यापुढे फक्त दोन माणसं होती. आतले दिवे दिसत होते.

तेवढ्यात जोडा फार चावायला लागला म्हणून रांगेतून बाहेर पडलो. हॉस्पिटल वाटेवरच आहे. दोन बस बदलाव्या लागतात.

धाकट्याच्या नाकाला नळी लावलेली. भुवया कोणीतरी धुतल्या होत्या, काळ्या आहेत अजून. मी त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, हे विसरलोच होतो. बायको मला बघून उठली आणि डबा घेऊन बाहेर गेली. मी स्टुलावर बसलो. भाषण खिशात होतं, त्यातलं काही कामाचं नव्हतं.

म्हटलं, "चुकलं माझं. दगडाचं चुकलं. पंख्याचं चुकलं."

तो छताकडे बघत होता. मग नळी सावरत म्हणाला, "बघू."

२९ डिसेंबर
पवित्र वर्ष संपलं. पुढचं पंचवीस वर्षांनी, तेव्हा मी ब्याऐंशीचा असेन. फादर सकाळी भेटले. म्हणाले, गेलात ना तुम्ही, आणा कार्ड, शिक्का मारतो. मी नको म्हटलं. 'बघू'च्या पुढे अजून त्याने काही सांगितलेलं नाही.

आज बरोबर चारला पोचलो. तो झोपला होता. उठवलं नाही, नुसता बसून राहिलो. सहा वाजता नर्सने खांदा हलवला तेव्हा कळलं, माझाही डोळा लागला होता. धाकटा जागा होता आणि माझ्याकडे बघत होता. किती वेळ बघत होता कोण जाणे. मी विचारलं, काही हवंय का? त्याने मान हलवली, नको. वेळ संपली होती, निघालो.