वाढत्या अंगाची रायफल

बाबा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, तरी आज सकाळपासून मी तुमच्याशीच भांडतेय. लेक अठराची झाली, तिला माझ्याबरोबर हरणांच्या शिकारीला यायचंय, आणि पोलिसांच्या लायसन्सच्या फॉर्मवर रायफलचं कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, आधीच लिहून द्यावं लागतं. नंतर बदलायचं म्हटलं की पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं. माझ्या वेळी तो रकाना तुम्ही भरलात. मला न विचारता! हाउन्सलोच्या घरी किचनमध्ये बसून, चहा गार करत. बंदुकांच्या दुकानातला माणूस बिचारा सांगत होता, टू-फोर-थ्री घ्या, मोठ्या लाल हरणालाही पुरते आणि खांद्याला धक्का कमी. तुम्ही ऐकाल तर शपथ. माझ्या शाळेचा ब्लेझर घ्यायचात तसंच, "वाढत्या अंगाची घेऊ, एकदाच काय ते." अहो, एकवीस वर्षांची होते मी, जेमतेम पाच फूट! अजून कुठे वाढणार होते? आणलीत ती जाडजूड थर्टी-ऑट-सिक्स. एक बार काढला की दात वाजायचे माझे.

स्कॉटलंडमधला तो डोंगर. सांबराएवढा नर समोर उभा आहे, वारा त्याच्याकडून आपल्याकडे येतोय, तुम्ही कानाशी कुजबुजताय, "सावकाश." आणि मी ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटते. धक्क्याच्या भीतीने. गोळी पोटात लागली. दोन तास आपण चिखल तुडवत त्याच्या मागे, शेवटी तुम्हीच त्याला संपवलंत. परतताना म्हणालात, "बंदूक उत्तम आहे, तुझंच लक्ष नव्हतं." इतका संताप झाला होता माझा! अजून होतो. जनावर हाल न होता पडायचं तर गोळी नेमकी बसायला हवी, नुसती जाड असून काय उपयोग?

आणि माझं बघा. काल इथे वॉटफर्डला फॉर्म समोर घेऊन मीसुद्धा लेकीला म्हणाले, "थ्री-ओ-एट लिहू या, जरा मोठी असलेली बरी." ती म्हणाली, "आई, शूट मी करणार ना? मग मला आधी रेंजवर ट्राय करू दे. खांदा दुखला तर मी सांगेन."

किती सहज म्हणाली. मी पेन खाली ठेवलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून लिहिते. त्या डोंगरावर जायच्या आदल्या आठवड्यात, नेमबाजीच्या क्लबमध्ये, तुम्ही मला विचारलं होतंत, "खांदा दुखतोय का गं? पुन्हा अर्ज करू, हलकी घेऊ." खांदा काळानिळा पडला होता, बाबा. मी म्हटलं, "छे, मस्त आहे."