मराठीचा दिवस

बाबा, तुमचा आवाज द्यायचा की नाही, हे मला सोमवारपर्यंत कळवायचं आहे. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी आवाज अजून माझ्याकडेच आहे, काडेपेटीएवढ्या एका डबीत, कपाटाच्या वरच्या खणात. मेंदूच्या आजारानं ज्यांचं बोलणं मोडलं, अशा माणसांच्या आवाजांचा एक मोठा संग्रह आता तयार होतो आहे. पुढचे संशोधक तो ऐकतील, त्यावरून संगणकाला शिकवतील, आणि उद्या कुणा म्हाताऱ्याचं अर्धंमुर्धं बोलणं निदान यंत्राला तरी कळेल, असा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. मी स्वतःच त्या समितीत आहे, तेव्हा चांगला आहे असं म्हणणं मला भागच आहे. अट एवढीच, की माणूस हयात नसेल तर त्याच्या घरच्या कुणीतरी संमती द्यायची, आणि ते घरचं माणूस म्हणजे संशोधक स्वतः असता कामा नये. मी तुमची मुलगी आणि मीच तुमची संशोधक, त्यामुळे माझी सही बाद. दुसरी अट अशी, की रेकॉर्डिंगं सगळीच्या सगळी द्यायची. एखादं गाळलं तर का गाळलं, ते यादीत त्याच्यासमोर लिहायचं.

म्हणून गेल्या रविवारी दादाकडे हरिशंकरपुरमला गेले. दादाचं तुम्हाला माहीतच आहे, कागद पुढे आला की त्याचा चष्मा सापडत नाही. "मी वाचून काय करू? तू म्हणते आहेस तर ठीकच असेल," म्हणाला. "आण, कुठे करायची सही?" तुम्ही गेलात तेव्हा त्याची मुलगी दुसरीत होती. आता नोकरी करते, रविवारी दुपारपर्यंत झोपते. आवाज म्हटल्यावर ती उठून आली. "आत्या, आजोबांचा आवाज सच में आहे तुझ्यापाशी? सुनाव ना. मला तर त्यांचा चेहराच याद आहे, आवाज बिलकुल नाही." मी तुमच्या आजारपणात केलेलं, एका हिंदीच्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात तुम्ही मला लेस विकता आहात. "ये देखिए बहनजी, दस बार धो लीजिए, ऐसी की ऐसी रहेगी, हमारी ज़िम्मेदारी." ती हसली. "कितने स्वीट थे आजोबा," म्हणाली. दादा मधेच उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ तिथल्या कुंड्यांना पाणी घालत राहिला. मग आत येऊन त्यानं सही केली. "सगळी देणार आहेस?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं.

आम्हाला लहानपणी तुमची ही हिंदी ऐकायला मिळत नसे. ग्वाल्हेरच्या टोपी बाजारातल्या त्या चिंचोळ्या दुकानात दिवसभर भिंड-मुरैन्याची गिऱ्हाइकं, लेस, बटणं, फिती, जरीचा गोटा, सगळा घाऊक माल, आणि बोलण्यात मराठीचा एक शब्द नाही. संध्याकाळी दर्पण कॉलनीत घरी आलात की हिंदीचा एक शब्द नाही. 'चपला आणि हिंदी बाहेर' हा तुमचा कायदा होता. आपले पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन आले, तुमच्या हाती कात्री आली, पण जिभेवर तेच राहिलं पाहिजे, असं तुम्ही म्हणायचात. मी सहा-सात वर्षांची असेन. शाळेतून धावत घरात शिरले आणि ओरडले, "आई, बहुत ज़ोर की भूख लगी है." नेमके त्या दिवशी तुम्ही घरी होतात. "बाहेर जा," तुम्ही म्हणालात. "चपला घाल. पुन्हा आत ये आणि घरच्या भाषेत सांग." आई स्वयंपाकघराच्या दारात पोळीचं लाटणं हातात धरून उभी, पण तुमच्यापुढे बोलायची तिची प्राज्ञा नव्हती. मी रडत बाहेर गेले, चपला घातल्या, काढल्या, आत आले आणि म्हटलं, "आई, भूक लागली." मग तुम्ही स्वतः उठलात आणि मला पान वाढलंत. गरम पोळीवर तूप घातलंत, गूळ कुस्करून दिलात, आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिलात. राग आला होता मला. पुढे त्याच गोष्टीचा अभिमान वाटायला लागला, आणि आणखी पुढे तोच माझा धंदा झाला.

भाषाशास्त्र शिकायला पुण्याला जाते म्हटल्यावर तुम्ही विचारलंत, "भाषा तर येते तुला. मग दोन वर्षं काय शिकणार?" तरी स्टेशनवर गाडी हलायच्या आधी खिडकीतून एक पत्र्याची डबी दिलीत. त्यात दुकानातल्या प्रत्येक जातीची दोन-दोन बटणं, सुया आणि चार रंगांचे दोरे. "बटण तुटलं म्हणून कुणाच्या दारात जायला नको." वसतिगृहातल्या मुली माझ्या मराठीला हसायच्या. मी 'मी तर' म्हणायची, 'माझ्यापाशी टाइम नाही' म्हणायची. मी तुम्हाला तसं कळवलं. तुमचं पोस्टकार्ड आलं: त्यांना सांग, आम्ही परमुलखात दोनशे वर्षं वापरली आहे, थोडी मळणारच. ते कार्ड मी खोलीच्या दारावर लावलं, आणि हसणं थांबलं नाही तरी मला लागेनासं झालं.

आणि मग ते झालं. तुम्ही सत्तरी ओलांडलेली, दुकान दादाच्या हाती दिलेलं. एका सकाळी चहाचा कप हातातून निसटला आणि उजवी बाजू गेली. तीन आठवडे तोंडातून शब्द नाही. चौथ्या आठवड्यात आई तुमचं अंग पुसत होती, तेव्हा तुम्ही तिच्याकडे पाहून अगदी स्पष्ट म्हणालात, "हाँ जी, बताइए, क्या दिखाऊँ?" आईला आधी आनंद झाला. मग तिच्या लक्षात आलं, की तुम्ही तिला ओळखलेलंच नाही, किंवा ओळखलं असलं तरी ते सांगायला तुमच्याकडे दुकानाचंच बोलणं उरलं आहे. घरातलं सगळं मराठी पुसलं गेलं होतं. तुमच्यासाठी आई बहनजी, मी बहनजी, दादा भाईसाहब. आई दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तुमच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसली आणि आयुष्यात घरात कधी न बोललेल्या हिंदीत म्हणाली, "भैयाजी, वो नीली वाली दिखाइए." तुम्ही पांघरुणाची कड दोन बोटांत धरून तिला दाखवलीत. मग ती म्हणाली, "अब दुकान बंद करने का टाइम हो गया, खाना खा लीजिए," आणि तुम्ही चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलात. तिला कुठल्या पुस्तकानं हे शिकवलं नव्हतं.

मी रजा टाकून आले ती रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन. खरं सांगते, मला आनंद झाला होता. दुःख होतंच, पण त्याच्या खाली आनंदही होता. दोन भाषांपैकी एक जाते आणि एक राहते, असं आम्ही वाचतो. पण ज्या माणसानं या दोन भाषांमध्ये आयुष्यभर उंबरठ्याएवढी पक्की रेघ ओढली, तो माणूस माझ्याच घरात, माझ्याच समोर होता. मी चित्रांचे पत्ते केले: कुलूप, कात्री, छत्री, कंगवा. एक दिवस हिंदीचा, एक दिवस मराठीचा. हिंदीच्या दिवशी मी हिंदीतच बोलायचं, मराठीच्या दिवशी मराठीतच. चित्र दाखवायचं आणि एक मिनिट थांबायचं. मान हलवायची नाही, हसायचं नाही, शब्द पुरवायचा नाही, दुसऱ्या भाषेला उत्तर द्यायचं नाही. हे नियम कुणी माझ्यावर लादले नव्हते. माझ्या कामात असेच नियम पाळतात आणि मी ते नीट पाळते, अशी माझी ख्याती होती. कात्रीचं चित्र पाहून तुम्ही डाव्या हाताची दोन बोटं उघडमीट केलीत, म्हणालात, "काट के देना है?" तो मराठीचा दिवस होता. मी शून्य लिहिलं.

पाचवा मराठीचा दिवस वैशाखातला. ग्वाल्हेरचा वैशाख, कूलरमधून पाणी संपून नुसता गरम वारा येत होता. मी छत्रीचं चित्र धरलं. तुम्ही चित्राकडे पाहिलंच नाहीत. माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पानी." मी चित्र तसंच धरून ठेवलं. तुम्ही ओठांवरून जीभ फिरवलीत. "थोड़ा पानी पिला दीजिए, बहनजी." तांब्या माझ्या हाताशी होता. मी घड्याळाकडे पाहत होते. एखादे वेळी आता येईल, असं मला वाटत होतं, तहान लागली आहे तर 'पाणी' येईल, आणि तसं आलं असतं तर माझ्या कामासाठी ती फार मोठी गोष्ट ठरली असती. तुम्ही तिसऱ्यांदा मागितलंत. चौथ्यांदा मागितलं नाहीत. हात जोडायला गेलात, पण एकच हात वर आला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई पेला घेऊन आली, माझ्याकडे न बघता तुमचं डोकं उचलून तिनं पाणी पाजलं. तुम्ही म्हणालात, "मेहरबानी आपकी." आणि आई म्हणाली, "घर का ही पानी है."

श्रावणात तुम्ही गेलात. निबंध त्यानंतर छापून आला. त्यात तुम्ही 'रुग्ण, पुरुष, किरकोळ व्यापारी' आहात. किरकोळ वाचून तुम्ही मला पुन्हा चपला घालून बाहेर उभं केलं असतं, घाऊक व्यापाऱ्याला किरकोळ म्हणतात का? त्या पाचव्या मराठीच्या दिवसासमोर लिहिलं आहे: प्रतिसाद नाही. आणि खाली टीप: कुटुंबीयांच्या व्यत्ययामुळे चाचणी थांबवावी लागली. आईला मी तो निबंध मराठीत सांगितला, तेव्हा ती शेंगा सोलत होती. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे ते पास झाले की नापास?" मी म्हटलं, असं नसतं गं. ती म्हणाली, "मग शून्य कशाचं दिलंस?" त्यानंतर ती सहा वर्षं जगली. माझ्या कामाबद्दल तिनं पुन्हा काही विचारलं नाही.

आता मी मुलांना शिकवते, की समोरचा माणूस आधी माणूस असतो. छान वाटतं वर्गात म्हणायला. मुलं वहीत लिहून घेतात. कुणी विचारलं, की मॅडम, तुम्हाला हे कधी समजलं, तर मी काहीतरी पुस्तकी उत्तर देते. तुमची आठवण आली की मला तुमचा चेहरा दिसत नाही, बाबा, तो वर उचललेला एकटा हात दिसतो. कुणाला तरी विनवायला तुम्ही जन्मात कधी हात जोडले नसतील, आणि जोडायला गेलात ते माझ्यापुढे. मी नियम मोडला असता तर काय बिघडलं असतं? एक ओळ कमी झाली असती. तेवढ्या ओळीसाठी मी तुम्हाला तहानलेलं ठेवलं, आणि ती ओळसुद्धा रिकामीच राहिली.

काल बसून मी फॉर्म भरला. आवाज देते आहे. कुणाच्या तरी बापाला पुढे उपयोग होईल, आणि तुम्ही असतात तर 'माल कपाटात ठेवून काय करायचा' असंच म्हणाला असतात. दादाची सही लावली, यादी केली, आणि पाचव्या मराठीच्या दिवसापाशी आल्यावर ते रेकॉर्डिंग गाळून कारणाच्या रकान्यात लिहिलं: फाइल खराब, ऐकू येत नाही. ते खोटं आहे. मी ती काल दोनदा लावली. तुम्ही पाणी मागता ते स्वच्छ ऐकू येतं, आई येते तेही स्वच्छ ऐकू येतं. मधल्या सगळ्या वेळात मी कुठेच ऐकू येत नाही, आणि तेच कुणी ऐकू नये म्हणून मी ते लिहिलं.