लाल गाडी कोणाला द्यायची नाही याविषयी

मी, ओत्ताव्हिया ब्रेस्सानो, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, मोटारींच्या बैठका शिवण्याच्या कामातून निवृत्त, राहणार व्हालमोरा, प्रांत कुनेओ, संत रोक्को गल्लीतल्या घराचा खालचा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि निळ्या शाईने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नव्हते असे उद्या कोणी म्हणू लागले, तर या कागदातून त्याला काय मिळाले नाही ते आधी तपासावे.

आमच्याकडे हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात, आणि दोन लागतात. साक्षीदाराला या कागदातून सुतळीचा तोडाही मिळणार नाही, ही माझी अट आहे. ज्याला काही मिळायचे असते तो सही करताना दुसरे काही बघत नाही. शिवाय मी यात खाडाखोड करणार नाही. खोडलेल्या ओळीखाली काय होते यावरून माणसे कोर्टात जातात. काही चुकले तर पुढे लिहीन, मागचे तसेच राहील.

कलम पहिले. घराचा खालचा मजला माझी भाची मार्त्सिया हिला. ती माझ्या भावाची मुलगी, राहते मिलानमध्ये, आणि दर नाताळात फोन करून विचारते, "आत्या, तब्येत कशी आहे?" प्रश्न प्रेमाचा आहे की हिशेबाचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. घर तरीही तिलाच.

कलम दुसरे. चामडे शिवायचे जड मशीन, दोन कात्र्या आणि तीन आऱ्या गावातल्या शिवणशाळेला. आऱ्यांच्या मुठीवर दोन फुल्या कोरलेल्या आहेत. ती माझी खूण. कारखान्यात मी शिवलेल्या प्रत्येक तुकड्याच्या मागच्या बाजूला मी या फुल्या काढत असे, म्हणजे माझे काम दुसरीच्या नावावर जायला नको. एकोणतीस वर्षांत ते दोनदा गेले. दोन्ही वेळा मी बैठक उसवून साहेबांना खूण दाखवली.

कलम तिसरे. बान्या काउदाचे मातीचे भांडे, खालच्या दिव्याच्या बैठकीसकट, ज्याला हवे त्याने न्यावे. लसूण आणि खारवलेल्या मासळीचा तो कढत रस एकट्याने खायचा नसतो. सगळ्यांनी एकाच भांड्यात भाज्या बुडवायच्या असतात. माझ्याकडे ते १९९७ सालापासून कोरडे पडले आहे. का, ते पुढे येईल.

कलम चौथे. माझा थोरला भाऊ चेलेस्तिनो ब्रेस्सानो, वय एकोणऐंशी, पूर्वीचा मोटार मेकॅनिक, राहणार याच घराचा वरचा मजला, याला माझे लोहचुंबक. बाकी काही नाही. हे चुंबक त्याने स्वतःच्या छातीला लावून बघावे आणि आत काय भरले आहे ते ठरवावे.

चुंबकाची हकिकत लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला मी वेडी वाटेन.

१९८८ साली मी लाल रंगाची, दोन माणसांची, कापडी छपराची गाडी घेतली. ती १९७१ ची. कंपनीचे नाव लिहीत नाही, मी कोणाची फुकट जाहिरात करत नाही. किंमत पंचेचाळीस लाख लिरा. आकडा बघून कोणी डोळे पांढरे करू नयेत, नव्या लहान गाडीला तेव्हा याच्या दुप्पट पडत. अशा गाड्यांना त्या काळी कोणी विचारत नव्हते, म्हणून तर माझ्यासारखीच्या आवाक्यात आली. त्रेचाळीस वर्षे मी दुसऱ्यांच्या गाड्यांच्या गोष्टी ऐकत मोठी झाले होते. मला एक माझी हवी होती.

विकणारा गाल्लेझियो, जमिनी मोजणारा, गळ्यात रेशमी रुमाल. मी रुमालात चुंबक गुंडाळून नेले आणि पत्र्यावरून इंचाइंचाने फिरवले. पत्रा असेल तिथे चिकटते. गंजाच्या भोकात लुकण भरून वर रंग मारला असेल तिथे पडते.

"बाई, गाडी बघायला आलात की तिची मालिश करायला?" गाल्लेझियो म्हणाला.

डाव्या दाराखाली चुंबक पडले. मी ते उचलून पुन्हा लावले. पुन्हा पडले.

"इथे काय भरलंय?"

"किरकोळ डागडुजी हो."

"मग किंमतही किरकोळ करा."

तिनो, म्हणजे माझा भाऊ, तेव्हा गाडीखाली आडवा होता. आमचे ठरले होते: एकदा खोकला तर घ्यायची, दोनदा खोकला तर उठायचे. तो एकदा खोकला. गाडी घरी आणली त्याच रात्री मला वाटले, एकदाच खोकण्यासाठी त्याला गाल्लेझियोने काही दिले तर नसेल? म्हणून दुसऱ्या दिवशी तिनो कामावर गेल्यावर मी बॅटरीच्या मागे हात घातला आणि इंजिनाच्या अंगावर, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, आरी ठोकून माझ्या दोन फुल्या कोरल्या. हे आजपर्यंत मी कोणालाही सांगितलेले नाही.

नऊ वर्षे गाडीने मला सुख दिले, हे लिहिलेच पाहिजे. छप्पर उघडून टेकड्यांवरून जाताना मी जितकी हसले तितकी कुठेच हसले नाही. शेजारी बहुधा तिनोच असे, एका हाताने टोपी धरून, दुसऱ्याने दार धरून.

१९९७ च्या उन्हाळ्यात इंजिन धूर सोडू लागले. तिनोने ते उतरवून गॅरेजमध्ये नेले आणि दोन महिने ठेवले. परत आले तेव्हा नवा रंग होता आणि आवाज वेगळा होता. पुढच्याच आठवड्यात गाल्लेझियो तसलीच दुसरी गाडी घेऊन चौकातून गेला, आणि तिचा आवाज मला ओळखीचा वाटला. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यातला एक माणूसही म्हणाला, "हे मूळ इंजिन वाटत नाही हो." मूळ इंजिन गेले की गाडी म्हणजे नुसता रंगवलेला पत्रा.

नोव्हेंबरात आम्ही सगळे त्या मातीच्या भांड्याभोवती बसलो होतो. आई अजून होती. मी सगळ्यांदेखत म्हटले, "तिनो, तू माझं इंजिन गाल्लेझियोला विकलंस."

त्याने हातातली भाजी ताटलीत ठेवली. रुमालाची घडी घातली.

"बघ की स्वतःच," म्हणाला आणि वर गेला. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. आईच्या अंत्ययात्रेतही त्याने एका बाजूने खांदा दिला आणि मी दुसऱ्या बाजूने चालले.

कलम पाचवे. लाल गाडी मार्त्सियाला, तीन अटींवर. गाडीचा मूळचा काळ्या पाटीवरचा नंबर, कुनेओच्या दोन अक्षरांचा, बदलू नये. मिलानचा नंबर लावला तर मी थडग्यात कूस बदलेन. ती गाल्लेझियोच्या वारसांना विकू नये. आणि मार्त्सियाच्या बापाने, म्हणजे तिनोने, गाडीला हात लावू नये.

तिसऱ्या अटीचे कारण आहे. गेली काही वर्षे माझ्या गाडीच्या खोलीत कोणीतरी शिरते. मी चाकावर आणि फरशीवर खडूने जुळत्या रेघा मारून ठेवते. महिन्याभराने बघावे तर रेघा जुळत नाहीत, गाडी हातभर सरकलेली असते. कुलूप शाबूत असते. चोरीला काही गेलेले नाही, त्यामुळे संशय आणखीच वाढतो.

कलम सहावे. गाडी मूळ इंजिनासकट देते, की

इथे मी सकाळी थांबले. वाक्य अर्धेच आहे, ते तसेच राहू दे. खोटे लिहायचे नाही, तर माहीत करून घ्यायला हवे, असे मनात आले. बावीस वर्षे बघायला मला काय झाले होते? बॅटरीमागे हात घालायला अर्धे मिनिट लागते. खरे कारण लिहिते: फुल्या सापडल्या असत्या तर मला माफी मागावी लागली असती.

कलम सातवे. मी खाली गेले. विजेरी आणि हातातला आरसा घेऊन बॉनेट उघडले आणि हात घातला. फुल्या आहेत.

त्या नुसत्या आहेत असेही नाही. तिनोने सगळ्या इंजिनाला रंग दिला आहे, कानाकोपऱ्यात दिला आहे. फुल्यांच्या भोवती मात्र बोटाएवढा चौकोन कोराच सोडला आहे, पट्टी चिकटवून, कडा सरळ धरून. म्हणजे त्याला त्या सापडल्या होत्या. पहिल्याच दिवसापासून बहिणीचा आपल्यावर संशय होता हे इंजिन पुसताना त्याला कळले, आणि तरी त्याने माझी खूण रंगाखाली जाऊ दिली नाही. मी जमिनीवर बसले. मला लाज वाटली, आणि रडूही आले. कोणी बघत नव्हते, तरी लिहिते.

कलम आठवे. कलम चौथे रद्द. चुंबक माझ्याबरोबर पुरावे. कलम पाचवेही रद्द. लाल गाडी माझा भाऊ चेलेस्तिनो याला, बिनशर्त.

हे लिहून मी कागद घेऊन वर गेले. दार त्यानेच उघडले.

"कोण मेलं?" तो म्हणाला.

"अजून कोणी नाही. हे वाच."

त्याने चष्मा शोधला, मग उभ्यानेच सगळे वाचले. वाचायला फार वेळ लावला. मला वाटले, मुद्दाम लावतोय.

"खडूच्या रेघा तुझ्या होय? मला वाटलं, मांजराचं काहीतरी."

"म्हणजे तूच शिरतोस?"

"गाडी एका जागी उभी राहिली की चाकं खालून चपटी होतात. महिन्याला हातभर ढकलतो."

"किल्ली कुठून आणलीस?"

"आईकडे ठेवली होतीस ना एक? आता पोलिसांना बोलावणार आहेस का?"

मी म्हटले, "तिनो, चुकलं माझं." इतकेच मला म्हणता आले.

त्याने कागद टेबलावर ठेवला. मग पुन्हा पहिले पान काढून एका ओळीवर बोट ठेवले.

"साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही, असं लिहिलंयस. खरं का?"

"सुतळीचा तोडासुद्धा नाही."

"मग पेन दे, दुसरा साक्षीदार मी. तू मेल्यावर गाडी घेऊन मी काय करू? एकोणऐंशीचा आहे मी. येत्या रविवारी बाहेर काढ. चालव तू, मी टोपी धरून बसतो. आणि ते भांडं घासून ठेव."

त्यामुळे आठव्या कलमातली गाडी माझ्याच अटीने पुन्हा मार्त्सियाकडे जाते. काळ्या नंबरची आणि गाल्लेझियोची अट कायम. तिसरी अट रद्द. आता तिने नुसत्या तब्येतीचा फोन करू नये, येऊन गाडी चालवायला शिकावे. शिकवायला वरच्या मजल्यावर माणूस आहे.

वरील सर्व मी लिहिले, मीच वाचले, आणि त्यावर माझा विश्वास आहे.

ओत्ताव्हिया ब्रेस्सानो
व्हालमोरा, संत मार्टिनचा दिवस, ११ नोव्हेंबर २०१९

साक्षीदार पहिला: फादर एलिजियो, गावचे पाद्री. (पूर्ण वाचल्याशिवाय सही करू दिलेली नाही.)

साक्षीदार दुसरा: चेलेस्तिनो ब्रेस्सानो, वरचा मजला. × ×

(सहीपुढच्या दोन फुल्या त्याने स्वतःच्या हाताने काढल्या आहेत. ती खाडाखोड समजू नये.)