मागच्या दिव्यांसह ट्रॅक्टर गोपिकाबाईंना

मी, श्रीमती तारा कृष्णकांत भोयर, वय एकाहत्तर, निवृत्त प्राध्यापिका, राहणार जरीपटका, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात रक्तदाब वाढलेला दाखवला आहे, तो बरोबर आहे. मी संतापलेली आहे. संतापलेल्या माणसाला विचार करता येत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी माझी भाषणे ऐकलेली नाहीत. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. खालील सर्व मिळकत माझ्या पगारातून घेतलेली असून माझ्या एकटीच्या नावावर आहे.

१. कोराडीपलीकडच्या माझ्या शेतावरचा ट्रॅक्टर, पेरणीयंत्रासह, मी आमच्याकडे मजुरीला येणाऱ्या श्रीमती गोपिका रामाजी नेवारे यांना देते. का, ते लिहिणे भाग आहे. गावात वेगळीच हकीकत फिरत आहे.

हिवाळ्यात अंधार लवकर पडतो आणि पेरणीयंत्रामागे माणूस चालत असतो, बियाण्याची नळी तुंबली की मोकळी करायला. म्हणून मी मडगार्डवर, मागे तोंड करून, दोन जादा दिवे बसवून घेतले होते. माझा मुलगा ऋषिकेश याने ते पोळ्यासाठी काढले. आता पोळ्यात बैलांच्या शेजारी ट्रॅक्टरही सजून उभे राहतात. त्याने मागच्या दिव्यांची वायर कापून टपावर पुढे निळ्या दिव्यांची पट्टी लावली, मोठे स्पीकर बसवले. मी जाब विचारला.

"आई, अख्खं गाव पाहून राहिलं होतं आपल्या ट्रॅक्टरकडे!"

"अन् मागं कोण पाहून राहिलं होतं रे?"

"लावतो ना नंतर. काहून डोकं खाऊन राहिली?"

ते नंतर कधी आलेच नाही. हरभऱ्याच्या पेरणीत, दिवस बुडाल्यावर, धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या बांधाशी, वळताना त्याने ट्रॅक्टर मागे घेतला आणि यंत्र खाली सोडले. मागे गोपिकाबाई वाकून नळी मोकळी करत होत्या. त्या ओरडल्या, पण स्पीकरवर गाणी चालू होती. त्या धुऱ्यावरून वीज केंद्राच्या चिमण्यांचे दिवे दिसतात. तिथून राज्यभर वीज जाते, आणि इथे एका बाईचे उजवे पाऊल अंधारात फाळाखाली गेले. ते कापावे लागले.

दवाखान्यात ऋषिकेश त्यांना म्हणाला, "मावशी, तुमी मांगं काहून उभ्या होत्या जी?"

त्या म्हणाल्या, "मांगं चालाले तर ठेवलं होतं ना बापू मले."

मी शेतमजुरांच्या हक्कांवर बोलत असे, तेव्हा हाच मुलगा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवी. त्या टाळ्या मी त्याला परत करते.

२. माझे धाकटे दीर रुपराव यांनी गावच्या बैठकीत "बाईनं आपला पाय आपण सांभाळावा" असा निवाडा दिला. मी उभी राहिले, तर म्हणाले, "वहिनी, हे तुमचं स्टेज नोहे. चूप बसा." मी बसले नाही. त्यांना मी काहीही देत नाही. माझ्या शोकसभेत त्यांनी बोलू नये. सत्कारांत मिळालेल्या माझ्या शाली मात्र खुशाल न्याव्यात. दुसऱ्याच्या मानाची ऊब त्यांना आवडते.

३. जरीपटक्याचे घर आणि सर्व पुस्तके सून मिनल हिला. "दिवे यांनीच काढले," असे त्या बैठकीत नवऱ्यादेखत सांगणारी ती एकटी होती. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

४. गोपिकाबाईंचे उपचार आणि कृत्रिम पाऊल यांचा खर्च आज मी करते, माझ्यामागे तो बँकेतल्या ठेवीतून व्हावा. उरेल तेही त्यांचेच. याला कोणी दान म्हटले, तर मिनलने त्याला दारातूनच वाटेला लावावे.

५. ट्रॅक्टर सोपवण्यापूर्वी मागचे दोन्ही दिवे पुन्हा जोडावेत. बॅटरीजवळ फ्यूज, मध्ये रिले, वायर नळीत घालून चाकापासून दूर बांधलेली. बटण चालवणाऱ्याच्या हाताशी असावे. शिवाय रिव्हर्स गिअर पडताच दिवे आपोआप लागावेत. कोणाच्या आठवणीवर ते सोडू नये. निळी पट्टी उतरवून ऋषिकेशला द्यावी. घरात लावून बघत बसावे.

६. शेत ऋषिकेशला, एका अटीवर. माझ्यामागे येणारी हरभऱ्याची पहिली पेरणी संपेपर्यंत त्याने त्याच यंत्रामागे चालावे, नळ्या मोकळ्या कराव्यात. ट्रॅक्टर गोपिकाबाईंची मुलगी रितिका चालवील. तिचा हात चांगला बसला आहे. त्याने स्वतःऐवजी मजूर पाठवला, तर शेतही गोपिकाबाईंचे.

हे कलम मी त्याला वाचून दाखवले. तो आधी हसला. मग म्हणाला, "आई, तिच्या भरवशावर मले मांगं सोडशील?"

त्याला भीती वाटली. या सबंध प्रकरणात मला बरे वाटले ते तेवढ्यापुरते.

रितिका, राग तुझाही आहे, आणि तो रास्त आहे. तरी वळताना मागे बघ. त्याने हाक मारली की जिथे असशील तिथे थांब. तो माझा मुलगा आहे.

(सही)
तारा कृष्णकांत भोयर

हा मजकूर ताराबाईंनी आम्हा दोघांना मोठ्याने वाचून दाखवला, आमच्यासमोर सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली. आम्हा दोघांना यातून काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार:
१. वंदना सुधाकर काळमेघ, शेजारी, जरीपटका (सही)
२. डॉ. अश्विन देवराव ठवकर, लकडगंज (सही)

ठिकाण: नागपूर
दिनांक: १४ डिसेंबर २०२५